पुण्याच्या पेठा, आळ्या आणि बोळ : नावांचा मागोवा



अष्टविनायकाची यात्रा असो, आळंदी-देहूची वारी असो की केवळ ग्रामदैवताचे दर्शन असो, पुणे शहरात आलेल्या भाविकाला एकदा तरी जुन्या पेठांतून पायी जावे लागते. पत्ता विचारला की जी उत्तरे मिळतात, ती ऐकून परगावचा माणूस काहीसा गोंधळतो. ‘खुन्या मुरलीधराच्या पुढे’, ‘जिलब्या मारुतीपाशी’, ‘फडके हौदावरून डावीकडे’. देवाला खुन्या का म्हणावे? मारुतीचा आणि जिलबीचा संबंध काय? आणि हौद कोठेच दिसत नसताना हौदावरून वळायचे कसे? असे प्रश्न अनेक भाविक विचारतात. काही श्रद्धाळू मंडळींस तर ही नावे देवाचा उपमर्द करणारी वाटतात व ती बदलून टाकावीत असेही ती सुचवितात.

प्रस्तुत लेखात या नावांची थोडक्यात ओळख करून दिली आहे. ती वाचल्यावर एक गोष्ट ध्यानात येईल. जुन्या पुण्यातील पुष्कळशी नावे कोणी समारंभपूर्वक ठेवलेली नाहीत. ती लोकांच्या रोजच्या गरजेतून पडली. ज्याचा लोकांना उपयोग झाला, त्याचे नाव त्यांच्या तोंडी राहिले.

पत्त्यातील शब्द

प्रथम काही शब्द समजून घेऊ. ‘कसबा’ हा अरबी भाषेतून आलेला शब्द असून त्याचा अर्थ बाजाराचे मोठे गाव असा होतो. ‘पेठ’ म्हणजे व्यापारी वसाहत. पूर्वी नवी पेठ वसविताना तेथे येऊन राहणाऱ्या व्यापारी-कारागिरांस काही वर्षे करमाफीचा कौल देण्यात येई, आणि पेठेचे व्यवहार शेटे-महाजन पाहत. ‘आळी’ म्हणजे ओळ. एकाच धंद्याच्या लोकांची घरे जेथे ओळीने असत, ती त्यांची आळी. ‘बोळ’ म्हणजे दोन वाड्यांच्या भिंतींमधील अरुंद वाट. ‘वेस’ म्हणजे गावात शिरण्याचे द्वार. ‘गंज’ हा फारसी शब्द. मूळ अर्थ खजिना वा साठा, आणि त्यावरून धान्यादी मालाचा बाजार. ‘हौद’ हाही मूळचा अरबी शब्द, परंतु आज तो मराठीत इतका मुरला आहे की त्याचे परकेपण कोणास जाणवत नाही. एका पत्त्यातच संस्कृत, फारसी, अरबी आणि देशी बोली शेजारी शेजारी बसलेल्या दिसतात.

पेठांची नावे : हुकमाने दिलेली व रुळलेली

पुण्याची सर्वांत जुनी वस्ती कसबा पेठेची. इ. स. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने हे गाव उद्ध्वस्त केले. पुढे जिजाऊमाँसाहेब बालशिवाजीसह येथे आल्यावर वस्ती पुन्हा उभी राहिली. लाल महाल बांधला गेला आणि कसब्याचा गणपती ग्रामदैवत म्हणून पुजला जाऊ लागला.

कसब्याभोवती जी उपनगरे वाढली, त्यांची मूळ नावे आजच्यापेक्षा वेगळी होती. आजची रविवार पेठ पूर्वी मलकापूर म्हणून ओळखली जाई, शनिवार पेठ मुर्तजाबाद म्हणून आणि शुक्रवार पेठ विसापूर म्हणून. बुधवार पेठेची कथा विशेष आहे. बादशहा औरंगजेबाची छावणी इ. स. १७०३ च्या सुमारास पुण्यात असता त्याच्या नातवाचे निधन झाले. त्याच्या स्मरणार्थ येथील वस्तीला ‘मुहियाबाद’ असे नाव देण्यात आले. त्या काळी या नावामागे हिंदुस्थानातील सर्वांत मोठी सत्ता उभी होती. तरीही ते टिकले नाही. पेशव्यांच्या काळात त्या जागी वाराचे साधे नाव आले आणि आज मुहियाबाद हा शब्द केवळ इतिहासाच्या अभ्यासकांस ठाऊक आहे.

वारांची नावेही राज्यकर्त्यांनीच दिली, हे खरे. पण ती रुजली, कारण हे शब्द सर्वांच्या तोंडी आधीपासूनच होते. शेतकऱ्याला, बैलगाडीवाल्याला, परगावच्या व्यापाऱ्याला ते नव्याने शिकावे लागले नाहीत.

उरलेल्या पेठांपैकी काहींस व्यक्तींची नावे आहेत. इ. स. १७६१ मध्ये पानिपतावर पडलेले सदाशिवरावभाऊ यांच्या नावाने सदाशिव पेठ. या भागाचे आधीचे नाव नायगाव. नारायणराव पेशव्यांच्या नावाने नारायण पेठ, नाना फडणीस यांच्या नावाने नाना पेठ, सरदार रास्ते यांच्या नावाने रास्ता पेठ, घोरपडे सरदारांच्या नावाने घोरपडे पेठ. नाना पेठेचे पूर्वीचे नाव हनुमान पेठ होते आणि रास्ता पेठेचे शिवपुरी. गुरुवार पेठ ही तेथील वेताळाच्या मंदिरावरून वेताळ पेठ म्हटली जाई. भवानी पेठेच्या जागी बोरीची झाडे होती, म्हणून तो भाग बोरबन. पुढे भवानीमातेच्या मंदिरावरून पेठेस देवीचे नाव मिळाले.

आळ्या : हातांच्या कामाची नावे

पेठांना सरदारांची नावे मिळाली, पण पेठेच्या आत शिरल्यावर नावे कारागिरांची आहेत. कसबा पेठेतील तांबट आळी हे याचे उत्तम उदाहरण. त्वष्टा कासार समाजाचे कारागीर येथे पिढ्यान्‌पिढ्या तांब्या-पितळेची भांडी घडवीत आले. घंगाळ, बंब, हंडे, कळशा यांवर हातोडीने एकसारखे ठोके देऊन जो नक्षीदार पृष्ठभाग आणतात, त्यास मठारकाम म्हणतात. स्टेनलेस स्टील आणि प्लास्टिक आल्यावर या धंद्यास मोठी झळ बसली, तथापि तांबट आळीतील ठोक्यांचा आवाज अद्याप पुरता थांबलेला नाही.

बुरुड आळीत बांबूच्या कामट्यांची सुपे, टोपल्या, दुरड्या विणल्या जात. शिंपी आळी, कुंभार वेस, बोहरी आळी ही नावे स्वतःच आपला अर्थ सांगतात. बोहरी आळी रविवार पेठेत असून बोहरा समाजाच्या व्यापाऱ्यांमुळे तिला हे नाव पडले. आज हार्डवेअरच्या वस्तू घेण्यास सारे पुणे तेथे जाते.

ही नावे म्हणजे एका अर्थी जुन्या शहराची जंत्रीच होय. भांडे कोठे मिळेल, मडके कोठे, अंगरखा कोठे शिवून मिळेल, हे नवख्याला आळीच्या नावावरूनच कळे. वाचता न येणाऱ्या माणसालाही ही पाटी ‘वाचता’ येई, कारण ती त्याला कोणीतरी तोंडी सांगत असे.

देवांची टोपणनावे

आता भाविकांच्या मुख्य शंकेकडे वळू. देवांस अशी विचित्र नावे का?

पहिले कारण व्यवहाराचे. मारुती, गणपती आणि विठोबा यांची मंदिरे पुण्यात जागोजागी आहेत. नुसते ‘मारुतीपाशी या’ असे सांगून कोणी ठिकाणावर पोहोचणार नाही. तेव्हा प्रत्येक मारुतीला ओळखीची खूण लावणे भाग होते. ती खूण लोकांनी मंदिराच्या आसपास जे दिसले, जे घडले, जे विकले जात होते, त्यातूनच उचलली.

दुसरे कारण भाषेचे. आपल्या बोलीत जवळच्या माणसाला हाक मारताना नावाच्या शेवटी ‘या’ लावण्याची चाल आहे. गोविंदाचा गोंद्या होतो, रामाचा राम्या. यात अनादर नसतो, सलगी असते. जिलब्या, डुल्या, पासोड्या, निवडुंग्या ही नावे त्याच चालीची आहेत. देवाला लोकांनी आपल्या घरातला मानले, म्हणून घरातल्यासारखी हाक मारली.

काही उदाहरणे पाहू.

जिलब्या मारुती : तुळशीबागेच्या परिसरातील हे मंदिर. जवळचा हलवाई मारुतीरायास जिलब्यांची माळ घालीत असे, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे.

बटाट्या मारुती : शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात पूर्वी भाजीबाजार भरत असे. तेथील बटाटे विकणाऱ्यांच्या सान्निध्यातला हा मारुती. पुढे इ. स. १८८६ मध्ये मंडईची दगडी इमारत उभी राहिली आणि बाजार तिकडे गेला. बटाटे गेले, मारुतीचे नाव मात्र तेच राहिले.

पासोड्या विठोबा : पासोडी म्हणजे अंगावर घ्यावयाचे जाडेभरडे पांघरूण. या देवळाच्या परिसरात पासोड्या विकल्या जात, त्यावरून हे नाव पडल्याचे सांगतात.

निवडुंग्या विठोबा : नाना पेठेतील हे मंदिर वारकऱ्यांस सुपरिचित आहे. निवडुंगाच्या दाट बनात मूर्ती सापडली, म्हणून विठोबा निवडुंग्या झाला. जगद्‌गुरू संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा पुण्यातील मुक्काम येथेच असतो. संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी भवानी पेठेत उतरते, आणि तेथील विठ्ठल मंदिराचे नावच पालखी विठोबा असे झाले आहे.

डुल्या मारुती : गणेश पेठेतील हे स्थान. पानिपतावर मराठी सैन्याचा पराभव झाला तेव्हा ही मूर्ती दुःखाने डुलली, अशी आख्यायिका आहे. मूर्ती डुलली की नाही, हा श्रद्धेचा विषय होय. परंतु त्या लढाईने घरोघर जो आकांत झाला, त्याची आठवण शहराने एका मारुतीच्या नावात जपून ठेवली, असे म्हणता येईल.

खुन्या मुरलीधर : सदाशिव पेठेतील हे सुंदर मंदिर सावकार गद्रे यांनी इ. स. १७९७ च्या सुमारास बांधले. त्या धामधुमीच्या काळात मंदिराच्या दारीच सशस्त्र शिपायांची चकमक होऊन रक्तपात झाला. खून माणसांनी केला, आणि नाव देवाला चिकटले. या नावात देवावर आरोप नाही. मंदिराच्या दारात काय घडले होते, ते सव्वादोनशे वर्षे विसरू न देणारी ती नोंद आहे. अशा नावाजागी एखादे गोड नाव ठेवले, तर ती नोंद पुसली जाईल.

मोदी गणपती आणि भिकारदास मारुती : नारायण पेठेतील मोदी गणपतीस खुश्रुशेट मोदी या पारशी गृहस्थांचे नाव आहे, कारण त्यांची बाग या परिसरात होती. भिकारदास मारुतीस एका गुजराती सावकाराचे नाव मिळाले. पारशी गृहस्थाचे नाव गणपतीस आणि गुजरात्याचे मारुतीस लावताना पुणेकरांस काही वावगे वाटले नाही, हे आवर्जून लक्षात घ्यावे. हलवाई दगडूशेठ यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या गणपतीविषयी तर वेगळे सांगावयास नको. तेथे भक्ताचे नावच नव्हे, तर त्याचा धंदाही देवाच्या नावात आला आहे.

जागेवरून माणूस

माणसाचे नाव जागेला मिळते, त्याचप्रमाणे कधी जागेचे नाव माणसाला मिळते. नारो आप्पाजी खिरे हे पेशव्यांच्या पदरी मोठ्या अधिकारावर होते. त्यांनी तुळशीच्या बागेच्या जागी श्रीरामाचे मंदिर उभारले. त्याचे काम इ. स. १७६१ मध्ये सुरू झाले. पुढे खिरे हे आडनाव मागे पडले आणि घराणे ‘तुळशीबागवाले’ म्हणूनच प्रसिद्धीस आले. दात्याने देवळाला आपले नाव दिले नाही; उलट देवळाच्या जागेचे नाव स्वतःस घेतले. शेजारीच नाना फडणीस यांनी बांधलेले बेलबागेचे मंदिर आहे. त्यासही त्यांचे नाव नसून बेलाच्या झाडांचे आहे.

पुस्तकांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध असलेला अप्पा बळवंत चौक हा सरदार अप्पा बळवंत मेहेंदळे यांच्या नावाचा. त्यांचा वाडा या ठिकाणी होता. त्यांनी सवाई माधवराव पेशव्यांस तोल जाऊन पडता पडता सावरले, अशी आख्यायिका सांगतात. वाडा आज नाही. चौकाचे नाव मात्र विद्यार्थ्यांच्या तोंडी रोज शेकडो वेळा येते.

हौद : पाण्याची आणि दानाची नावे

देणगीदार बंधूंनी विशेष लक्षपूर्वक वाचावा असा भाग हा आहे. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, म्हणजे अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजच्या तलावांतून दगडी नळाने पुण्यात पाणी आणण्यात आले. कोणत्याही यंत्राशिवाय, केवळ उताराच्या आधाराने हे पाणी शनिवारवाड्यापर्यंत येई. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले होते आणि लोकांच्या सोयीसाठी हौद बांधले होते. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद, नाना हौद ही नावे त्या काळची. फडके हौद सरदार फडके यांच्या नावाचा, तर नाना हौद नाना फडणीस यांच्या नावाचा.

पुढे नळ घरोघर आले, हौद कोरडे पडले, काही बुजविले गेले. पण तहानलेल्या माणसाला ज्याने पाणी दिले, त्याचे नाव वस्तीने पत्ता म्हणून स्वीकारले. पेशवाई इ. स. १८१८ मध्ये संपली, शनिवारवाड्याच्या आतील इमारती इ. स. १८२८ च्या आगीत भस्मसात झाल्या. फडके हौदाचा चौक अजून फडके हौदच आहे.

याच संदर्भात गंज पेठेतील एका हौदाचा उल्लेख केल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. महात्मा जोतीराव फुले यांचे घर या पेठेत होते. सार्वजनिक हौदांवर अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांस पाणी भरू दिले जात नसे. जोतीरावांनी इ. स. १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला. मोठमोठ्या सरदारांनी शहरास पाणी दिले, हे थोर कार्यच. परंतु त्या पाण्यापासून ज्यांस दूर ठेवले होते, त्यांस पाणी देणारा हा एक घरगुती हौद होता. आज ती पेठ ‘महात्मा फुले पेठ’ म्हणून ओळखली जाते आणि त्यांचा वाडा स्मारक म्हणून जतन केला आहे. ज्या मंडईच्या इमारतीस एकेकाळी मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव होते, तीही आता महात्मा फुले मंडई आहे.

जपावयाची नावे आणि सोडावयाची नावे

यावरून कोणी असे समजू नये की जुने ते सारेच जपावे. गावोगावच्या काही वस्त्यांस जातिवाचक नावे होती आणि ती तेथे राहणाऱ्यांस हिणविण्यासाठीच उच्चारली जात. अशी नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, तो योग्यच होय. ज्या नावाने कोणाची मान खाली जाते, ते केवळ जुने आहे म्हणून राखण्याचे कारण नाही. तांबट, बुरुड, कुंभार यांच्या आळ्यांची नावे मात्र कारागिराच्या कौशल्याची खूण म्हणून मानाने घेतली जातात, आणि तशीच ती घेतली जावीत.

नाव बदलले तरी लोक ते स्वीकारतीलच असेही नाही. पानिपतच्या सुमारास मुठा नदीवर लाकडी पूल बांधला गेला. पुढे त्या जागी दगडी पूल झाला. अधिकृतरीत्या तो छत्रपती संभाजी पूल आहे. छत्रपतींविषयी पुणेकरांच्या मनात अपार आदर आहे. तरीही बोलताना तोंडी ‘लकडी पूल’ येते.

खरा धोका नावे बदलण्याहून नावांचा अर्थ विसरला जाण्याचा आहे. जुने वाडे पाडून त्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. बुधवार पेठेतील ज्या भिडे वाड्यात इ. स. १८४८ मध्ये फुले दांपत्याने मुलींची शाळा सुरू केली, तो मोडकळीस आलेला वाडाही स्मारकाच्या उभारणीसाठी डिसेंबर २०२३ मध्ये उतरविण्यात आला. वास्तू गेल्यावर उरते ते नाव, आणि नावामागची हकीकत सांगणारी माणसे. ती माणसेही वृद्ध होत चालली आहेत.

दर्शनार्थींसाठी सूचना

वर उल्लेखिलेली बरीचशी स्थाने एका सकाळी पायी पाहता येतात. सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत सुरू झाली असून कसबा पेठ व मंडई ही स्थानके याच भागात आहेत. प्रथम कसबा गणपतीचे दर्शन घ्यावे, तेथून तांबट आळी व फडके हौद पाहून बुधवार पेठेत यावे. ग्रामदेवता तांबडी जोगेश्वरी, दगडूशेठ गणपती, बेलबाग, तुळशीबाग व जिलब्या मारुती ही स्थाने एकमेकांपासून फार दूर नाहीत. तेथून सदाशिव पेठेत खुन्या मुरलीधराकडे जाता येईल. निवडुंग्या विठोबा व पालखी विठोबा पूर्वेकडील पेठांत असल्याने त्यांसाठी स्वतंत्र वेळ ठेवावा. बोळ अरुंद असल्याने शक्यतो वाहन नेऊ नये.

भाविकांस एक नम्र विनंती आहे. दर्शन झाल्यावर शेजारच्या जुन्या दुकानदारास किंवा ओट्यावर बसलेल्या एखाद्या आजोबांस, आजींस ‘हे नाव कसे पडले?’ असे अवश्य विचारावे. जे सांगितले जाईल ते आपल्या मुलांस सांगावे. आपल्या गावीही अशी आळी, असा पार, असा आड असेलच. त्याच्या नावाची हकीकत माहीत असणारी व्यक्ती हयात आहे तोवर ती लिहून ठेवावी.

देणगीदारांसही आदरपूर्वक इतकेच सांगावेसे वाटते की, संगमरवरी फलकावर नाव कोरले जाणे ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु जुन्या पुण्यात जी नावे दोन-अडीचशे वर्षे टिकली, त्यांपैकी कित्येकांचा फलक कोठेच नाही. कोणी हौद बांधला, कोणी मारुतीला जिलबीची माळ घातली, कोणी देवळाच्या दारी पासोड्या विकल्या. वाटसरूला त्यांची खूण उपयोगी पडली, आणि म्हणून आजही पत्ता सांगताना त्यांचीच नावे घेतली जातात.